इस्लाम बिगर-मुस्लिमांकडे कसं बघतो, ‘काफिर’ नक्की कोण: या ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतेय. एक का कापला ते खाली सविस्तर लिहिलंय, कारण ज्या भागासाठी कापलाय तोच भाग बऱ्याच जणांना सगळ्यात आधी बघायचा असतो.

कोर्सचं स्वरूप सांगते. रेकॉर्डेड लेक्चर्स आहेत, मराठीतून, शिकवणारे सर अरबी आणि इस्लामी कायदा दोन्ही रीतसर शिकलेले आहेत, बोलणं शांत, आणि कुरआनातली प्रत्येक आयत (वचन) आधी अरबीत वाचतात, मग मराठीत अर्थ, मग ती कुठल्या प्रसंगी आली ते सांगतात. विषय एकच, इस्लाम न मानणाऱ्या माणसाबद्दल कुरआन काय म्हणतो, हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) काय म्हणतात, जुने कायदेपंडित काय म्हणाले आणि आजचे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, काय म्हणतात. मी हा कोर्स घेतला कारण फॉरवर्ड्स वाचून डोकं भणभणायला लागलं होतं. एका ग्रुपवर ‘जिथे सापडतील तिथे मारा’ एवढीच ओळ फिरते, दुसऱ्या ग्रुपवर ‘धर्मात जबरदस्ती नाही’ एवढीच ओळ, आणि दोन्हीकडचे लोक आपल्या ओळीवर ठाम, समोरचा खोटं बोलतोय अशी खात्री. आता दोन्ही ओळी कुरआनात आहेत, कोणीच खोटं बोलत नाहीये, मग त्या एका ठिकाणी नांदतात कशा हे कोणीतरी बसून नीट सांगायला हवं होतं. या कोर्समध्ये ते सांगितलंय, निदान बऱ्याच अंशी.

सुरुवात ‘कुफ्र’पासून होते, म्हणजे सत्य नाकारणं, आणि ते करणारा तो काफिर. सर म्हणतात की हा शब्द ज्या धातूवरून आला त्याचा मूळ अर्थ झाकणं, त्यामुळे सूरा (कुरआनातलं प्रकरण) हदीदच्या २० व्या आयतीत ‘कुफ्फार’ हा शब्द बी मातीखाली झाकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आलाय असं बहुतेक भाष्यकार सांगतात, आणि सूरा शुअरामध्ये इजिप्तचा राजा फिरऔन मूसाला (मोझेसला) ‘तू काफिरांपैकी आहेस’ म्हणतो तिथे त्याचा अर्थ ‘कृतघ्न’ असा आहे, आम्ही तुला लहानाचा मोठा केला आणि तू हे पांग फेडलेस, असा त्याचा सूर. हे ऐकायला छान आहे पण सर तिथे फार रेंगाळत नाहीत आणि ते बरंच आहे, कारण नुसत्या व्युत्पत्तीवर भागवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत.

खरी मजा पुढे आहे. सर इब्लीसचं, म्हणजे सैतानाचं, उदाहरण घेतात. सूरा बकराच्या ३४ व्या आयतीत इब्लीसला काफिरांमध्ये मोजलंय. आता विचार करा, इब्लीस काही नास्तिक नाही. देव आहे हे त्याला पक्कं माहितीय, तो देवाशी थेट बोलतो, वाद घालतो, मुदत मागून घेतो. तरी तो काफिर, कारण त्याने आज्ञा नाकारली आणि गर्व केला. तसंच पैगंबरांना विरोध करणाऱ्या मक्केच्या कुरैश टोळीचं, आकाश आणि पृथ्वी कोणी निर्माण केली असं विचारलं तर ते ‘अल्लाहने’ असंच सांगतील असं कुरआन स्वतः म्हणतो (सूरा लुकमान, आयत २५). आणि फिरऔनच्या लोकांबद्दल सूरा नम्लच्या १४ व्या आयतीत आहे की त्यांच्या मनाला पटलं होतं तरी अन्याय आणि अहंकारापोटी त्यांनी नाकारलं. म्हणजे कुरआन जेव्हा काफिरांवर तुटून पडतो तेव्हा डोळ्यासमोर कोण आहे, तर सत्य समोर आलं, ओळखलं आणि तरीही ढकलून दिलं असा माणूस. ज्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही त्याचं काय हा प्रश्न वेगळा, आणि त्यावर पूर्ण एक लेक्चर आहे.

ते लेक्चर मी परत ऐकलं, इतकं आवडलं. मध्ययुगातले मोठे विद्वान इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी बिगर-मुस्लिमांचे तीन गट केले होते. एक, ज्यांनी पैगंबर मुहम्मद यांचं नावच ऐकलं नाही. दोन, ज्यांनी नीट ऐकलं, राहणं वागणं पाहिलं, सगळं कळलं आणि तरी नाकारलं. आणि तीन, ज्यांनी नाव ऐकलं पण विकृत रूपात, लहानपणापासून ‘तो एक ढोंगी होता’ एवढंच ज्यांच्या कानावर पडलं. गझालींच्या मते पहिल्या आणि तिसऱ्या गटाला माफी आहे, कारण चौकशी करावीशी वाटेल असं काही त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. याला आधार सूरा इस्राची १५ वी आयत, की दूत पाठवल्याशिवाय आम्ही कोणाला शिक्षा देत नाही. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाने हे लिहिलंय हे ऐकून मला खरोखर बरं वाटलं, आणि आजच्या काळात तर तिसरा गट केवढा मोठा असेल याचा विचार आला, कारण बॉम्बस्फोटाच्या बातम्यांपलीकडे इस्लाम कधी भेटलाच नाही असे लोक कमी नाहीत.

पण सर इथे थांबत नाहीत आणि म्हणूनच मला हा माणूस प्रामाणिक वाटतो. लगेच पुढच्या स्लाइडवर सूरा आले-इम्रानची ८५ वी आयत येते, की इस्लामशिवाय दुसरा धर्म कोणी धरला तर तो स्वीकारला जाणार नाही. आणि त्यानंतर सूरा बय्यिनाची ६ वी, ज्यात ग्रंथधारक (ज्यू, ख्रिश्चन) आणि मूर्तिपूजक यांच्यातल्या कुफ्र करणाऱ्यांना नरकाग्नी आणि ‘सृष्टीतले सर्वात वाईट’ असे शब्द आहेत. गुळगुळीत करून सांगितलेलं नाही. सर स्वच्छ म्हणतात की बहुसंख्य परंपरागत उलेमांची भूमिका हीच आहे की इस्लाम आल्यानंतर मोक्षाचा रस्ता इस्लामच, आणि सूरा बकराच्या ६२ व्या आयतीत ज्यू, ख्रिश्चन, साबी (एक जुना पंथ) यांच्यापैकी जे देवावर आणि शेवटच्या दिवसावर श्रद्धा ठेवतील आणि सत्कर्म करतील त्यांना भीती नाही असं जे आलंय ते बहुतेक भाष्यकारांनी इस्लामच्या आधीच्या लोकांना लावलं, काही आधुनिक अभ्यासक मात्र ते आजही लागू मानतात. कोण कुठे उभं आहे हे सांगून सर बाजूला होतात. सगळे धर्म एकच सांगतात असं म्हणून पाठ थोपटून घ्यायची असेल तर या कोर्समध्ये निराशा होईल. इस्लाम तसं म्हणत नाही आणि ते लपवण्यात कोणाचंच भलं नाही.

आता कोर्सचा कणा. सर दोन गोष्टी सतत वेगळ्या ठेवतात, एक आखिरतचा हिशोब, म्हणजे मेल्यानंतर कोणाचं काय होणार, आणि दुसरी इथलं वागणं, म्हणजे शेजारी, सहकारी, नातेवाईक मुसलमान नसेल तर त्याच्याशी कसं वागायचं. पहिला निर्णय फक्त देवाचा. दुसऱ्याचे नियम माणसाच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या वागण्यावर जास्त अवलंबून. आणि हे सांगायला ते सूरा मुम्तहनाच्या ८ आणि ९ या आयती घेतात: जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही त्यांच्याशी चांगुलपणाने आणि न्यायाने वागायला अल्लाह मना करत नाही, मना करतो ते फक्त जे लढले आणि ज्यांनी हुसकावलं त्यांच्याशी जवळीक करायला. ही आयत आधी वाचली होती पण तिच्या संदर्भात सांगितली जाणारी अस्माची हकीकत माहिती नव्हती. अस्मा ही पैगंबरांचे जवळचे साथीदार अबू बक्र यांची मुलगी. तिची आई मूर्तिपूजकच राहिली होती आणि ती मक्केहून मुलीला भेटायला मदिनेला आली, मनात काही आशा घेऊन. अस्माला प्रश्न पडला, आईशी संबंध ठेवू का? तिने पैगंबरांना विचारलं आणि ते म्हणाले, हो, आईशी नातं राख. बुखारी या हदीस-संग्रहात आहे ही हदीस. कायद्याच्या भाषेत जे शंभर पानं लागतील ते एका मुलीच्या प्रश्नात आलंय.

अशा हदीस आणखी बऱ्याच आहेत कोर्समध्ये. एका ज्यू माणसाची अंत्ययात्रा चालली होती, पैगंबर उठून उभे राहिले, कोणीतरी म्हणालं अहो ही ज्यूची आहे, तर उत्तर आलं, ‘तो जीव नव्हता का?’ मक्केहून मदिनेला हिजरत केली ६२२ साली, जीवावर बेतलेलं असताना, तेव्हा वाट दाखवायला ठेवलेला माणूस कुरैशांच्याच धर्माचा होता आणि त्याच्यावर विश्वास टाकला. पैगंबरांचं निधन झालं तेव्हा त्यांचं चिलखत एका ज्यूकडे जवाच्या बदल्यात गहाण होतं. म्हणजे मदिनेत सत्ता हातात असताना देणंघेणं, उधारी, गहाणवट सगळं परधर्मीयांशी चालू होतं. करार केलेल्या बिगर-मुस्लिमाला जो मारेल त्याला स्वर्गाचा वासही येणार नाही ही हदीसपण बुखारीतली. आणि याच्या सोबत सर इमाम मुस्लिम यांच्या हदीस-संग्रहातली ती कडक हदीसही देतात, ज्यू ख्रिश्चनांना आधी सलाम करू नका, वाटेत भेटले तर कडेला सरकायला लावा अशी, आणि जुन्या काही विद्वानांनी ती विशिष्ट युद्धप्रसंगाशी जोडली तर काहींनी सरसकट लावली हेही सांगतात.

‘जबरदस्ती नाही’ या आयतीची (बकरा २५६) पार्श्वभूमी मला अजिबात माहिती नव्हती. मदिनेत इस्लामच्या आधी ज्या बाईची मुलं जगत नसत ती नवस बोलायची की मूल जगलं तर त्याला ज्यू करीन. अशी मुलं ज्यू घरांत वाढली. पुढे बनू नझीर या ज्यू टोळीला मदिना सोडावी लागली तेव्हा ती मुलंही त्यांच्यासोबत निघाली, आणि मुसलमान झालेले आईबाप म्हणायला लागले की आम्ही आमची पोरं जाऊ देणार नाही. तेव्हा ही आयत आली असं अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास सांगतात. म्हणजे ही हवेतली तत्त्वचर्चा नाही, स्वतःच्या पोटच्या मुलाला जबरदस्तीने रोखायचं का या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि उत्तर आईबापांच्या विरुद्ध गेलंय. मी तिथे पॉज करून बराच वेळ बसले.

मग सूरा तौबाची ५ वी आयत, तीच ती फॉरवर्डवाली. हे लेक्चर कोर्सचा सगळ्यात चांगला भाग आहे. सर स्क्रीनवर आधी फक्त ती एक ओळ दाखवतात, मग वरच्या चार आणि खालच्या आयती हळूहळू उघडतात. दुसऱ्या आयतीत चार महिन्यांची मुदत. चौथीत अपवाद, ज्यांनी तुमच्याशी करार केला आणि पाळला त्यांचा करार मुदतीपर्यंत पाळा. मग पाचवी. आणि सहावीत, त्यातलाच कोणी मूर्तिपूजक आसरा मागायला आला तर आसरा द्या, त्याला अल्लाहची वाणी ऐकू द्या आणि मग त्याला सुरक्षित जागी पोचवा. पुढे १३ व्या आयतीत कारण आलंय, त्यांनी शपथा मोडल्या आणि सुरुवात त्यांनीच केली. हिजरी ९ (सन ६३०-३१) मधला, ठराविक अरबी टोळ्यांशी तुटलेल्या करारांचा मामला. इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात झालं, संदर्भ कळला. सर नाही थांबत. ते सांगतात की जुन्या भाष्यकारांपैकी काहींनी या एका आयतीने शांततेच्या शंभरच्या वर आयती रद्द झाल्या असं मानलं होतं, आणि पुढे त्याच परंपरेतल्या विद्वानांनी रद्द मानलेल्या आयतींची एकूण यादीच कापत आणली, पंधराव्या शतकातल्या सुयूतींनी वीसच्या आसपास आणि दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (मृत्यू १७६२) यांनी तर फक्त ५ वर. म्हणजे कडक अर्थ काढणारे होते हे खरं आणि त्यांना उत्तर देणारे परंपरेच्या आतलेच होते हेही खरं. दोन्ही कळल्याशिवाय आजचं भांडण कळत नाही.

‘ज्यू ख्रिश्चनांना औलिया करू नका’ (माइदा ५१) यावरचं लेक्चर ठीकठाक आहे. मित्र, पाठीराखा, संरक्षक असे अर्थ दिलेत, टोळ्यांच्या युतीचा संदर्भ दिलाय, आणि त्याच सूरेच्या ५ व्या आयतीत ग्रंथधारकांचं अन्न चालतं, त्यांच्या शीलवान स्त्रियांशी लग्न चालतं असं आहे हे दाखवलंय. बायकोशी प्रेमाने वागायचं नाही असं तर कोणी म्हणणार नाही, एवढा मुद्दा पुरेसा होता. उगाच लांबवलंय.

आता कापलेला स्टार. जिझिया आणि जिम्मी (इस्लामी राज्यातली संरक्षित बिगर-मुस्लिम प्रजा) यांवरचं लेक्चर. सूरा तौबाची २९ वी आयत वाचली, जिझिया म्हणजे संरक्षणाच्या बदल्यात घेतलेला कर, बायका, मुलं, संन्यासी, कफल्लक यांना माफी, सैन्यात जायची सक्ती नाही, संपलं. अहो पण त्याच आयतीत ‘साग़िरून’ म्हणजे नमून, दुय्यम होऊन असा शब्द आहे त्याचं काय? काही जुन्या कायदेपंडितांनी त्याचा अर्थ ‘कायद्याखाली येऊन’ एवढाच घेतला आणि काहींनी चक्क अपमान करून वसूल करा असा घेतला, नववींसारख्या मोठ्या विद्वानाने या अपमानाच्या पद्धतीला आधार नाही असं म्हटलं, हे सगळं यायला हवं होतं. दुसरे खलिफा उमर यांच्या नावाने सांगितला जाणारा तो करारनामा, ज्यात वेगळा पोशाख, घोड्यावर खोगीर नको, नवीन चर्च नको अशा अटी आहेत, त्याचा उल्लेख एका वाक्यात. तो खरंच उमरच्या काळचा आहे का यावर अभ्यासकांना शंका आहेत, पण तशा अटी शतकानुशतकं कमीजास्त प्रमाणात वापरल्या गेल्या हे नाकारता येत नाही. बाकी ठिकाणी इतके सरळ असलेले सर इथे का पळाले कळत नाही. जिम्मी पद्धत त्या काळातल्या ख्रिश्चन युरोपातल्या ज्यूंच्या हालांपेक्षा बऱ्याचदा बरी होती हे मान्य, पण बरोबरीची नव्हती, आणि हे दोन्ही एका दमात सांगता येतं.

दुसरं, मूर्तिपूजकांचं काय हा प्रश्न. ज्यू ख्रिश्चन ग्रंथधारक, पारश्यांनाही जिझियासाठी त्यांच्यासारखंच वागवलं, पण हिंदू बौद्ध कुठे बसतात? हे मराठी ऐकणाऱ्याला हवंच असणार. यावर मझहबांमध्ये, म्हणजे सुन्नी कायद्याच्या चार शाखांमध्ये, सरळ फरक आहे. शाफई आणि हंबली मत असं की जिझिया घेऊन संरक्षण फक्त ग्रंथधारक आणि पारशी यांना. हनफी म्हणतात अरब मूर्तिपूजक सोडून बाकी सगळ्यांना देता येतं, आणि मालिकी त्याहून मोकळे. सिंध ७१२ मध्ये जिंकल्यावर तिथल्या हिंदू बौद्धांना प्रत्यक्षात संरक्षित प्रजेसारखंच धरलं गेलं. पुढे अकबराने १५६४ मध्ये जिझिया काढला, औरंगजेबाने १६७९ मध्ये परत लावला, ऑटोमन साम्राज्याने १८५६ मध्ये तो संपवला. एवढं सगळं असताना कोर्समध्ये यावर जेमतेम दोन मिनिटं. एक स्टार गेला तो इथे.

धर्म सोडणाऱ्याच्या शिक्षेवरचं लेक्चर मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं. चारही सुन्नी मझहबांनी प्रौढ पुरुषाला मृत्युदंड सांगितला, हनफींनी बाईला मारायचं नाही कैद करायचं म्हटलं, हे न चाचरता सांगितलंय, आणि कुरआनात याची इहलोकातली शिक्षा कुठेच नाही, सूरा निसाची १३७ वी आयत तर श्रद्धा ठेवली मग सोडली मग परत ठेवली मग परत सोडली अशा लोकांबद्दल बोलते, म्हणजे ते मधल्या काळात जिवंत होते, हा आजच्या सुधारकांचा युक्तिवादही दिलाय. मला तो युक्तिवाद पटतो.

शेवटचा भाग तकफीरवर, म्हणजे एका मुसलमानाने दुसऱ्या मुसलमानाला काफिर ठरवणं. हा भाग चुकवू नका. मुसलमानांमधल्याच सिफ्फीनच्या लढाईनंतर ६५७ च्या सुमारास खारिजी नावाचे कट्टर लोक वेगळे झाले, त्यांनी खलिफा अलींनाच काफिर ठरवलं आणि ६६१ मध्ये त्यांच्यातल्याच एकाने अलींना मारलं. आजच्या अतिरेकी गटांनी मारलेल्यांमध्ये मुसलमान इतके का असतात ते हा इतिहास ऐकल्यावर समजतं. पैगंबरांची हदीस आहे की कोणी आपल्या भावाला काफिर म्हटलं तर तो शब्द दोघांपैकी एकावर बसतोच. जॉर्डनमधून निघालेल्या २००४ च्या अम्मान संदेशात आणि त्यानंतर जगभरच्या उलेमांनी मिळून मान्यताप्राप्त पंथांच्या मुसलमानांना काफिर म्हणणं नाजायज ठरवलं. आणि इंडोनेशियातल्या नहदतुल उलेमाने २०१९ मध्ये त्याहून पुढे जाऊन ठरवलं की देशाचे नागरिक म्हणून बोलताना बिगर-मुस्लिमांना काफिर म्हणायचं नाही, नागरिक म्हणायचं. कोट्यवधी अनुयायी असलेली संघटना आहे ही. श्रद्धेच्या अर्थाने शब्द राहिला, कायद्याच्या आणि रस्त्यावरच्या वापरातून काढला. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याला तो शब्द लावला जातो त्याला तो शिवीसारखाच लागतो, लावणाऱ्याच्या मनात काहीही असो, आणि हे एवढ्या मोठ्या धार्मिक संघटनेने स्वतःहून ओळखलं.

तांत्रिक बाजू: आवाज स्वच्छ, स्लाइड्सवर अरबी मोठ्या अक्षरात, पण मराठी अर्थाचा फॉन्ट बारीक, मोबाईलवर डोळे ताणावे लागतात. क्विझ बिनकामाची आहे, सूरेचा नंबर विचारून काय साध्य होतं. सोबतची पीडीएफ मात्र उत्तम, प्रत्येक लेक्चरच्या आयती संदर्भासकट दिल्यात, मी प्रिंट काढून ठेवलीय. प्रश्न विचारायची सोय आहे, मी जिझियाबद्दल लिहिलं होतं त्यावर सरांचं उत्तर आलं की नवीन लेक्चर रेकॉर्ड करतोय. ते आलं की रिव्ह्यू अपडेट करीन.

वेळ कमी असेल तर आधी गझालीवालं, मग मुम्तहना, मग तौबा आणि शेवटी तकफीर, या क्रमाने ऐका. मुसलमान वाचकांनाही सांगेन, घरी किंवा मदरशात शिकलंय म्हणून हा कोर्स सोडू नका, माझी एक मैत्रीण सोबत ऐकत होती, तिच्यासाठीही अस्मा आणि बनू नझीरच्या मुलांची गोष्ट नवीन होती.